कॉव्हेंट्रीतली आगोट

"आमच्या घरात ड्राफ्ट येतो, आधीच सांगून ठेवतो," हे आमच्या घरमालकांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. नर्सची नोकरी धरून नागपूरहून कॉव्हेंट्रीत उतरून मला चार दिवस झाले होते. ड्राफ्ट म्हणजे बँकेचा, एवढंच मला ठाऊक. माणसाचं बरं चाललेलं दिसतंय, घरबसल्या ड्राफ्ट येतात, असं मनाशी म्हणत मी आदराने विचारलं, "कुठून येतो?"

"कुठून येत नाही ते विचारा. मागच्या दाराने येतो, जिन्याखालून येतो, पत्रांच्या फटीतून तर सारखा येतो."

पत्रांच्या फटीतून येणं मला पटलं. "मग त्याचं काय करता?"

"अडवतो," ते म्हणाले.

आलेला ड्राफ्ट अडवणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्यामागे काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, माझ्या अडाणीपणाला हसताहेत. फटीतून येणाऱ्या वाऱ्याला इथे ड्राफ्ट म्हणतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. काकू हसत नव्हत्या, खोकत होत्या, हे कळायला मात्र बराच वेळ गेला. मी नर्स होते, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्या नवऱ्याला नावं ठेवीन तेव्हा माझाही हिशेब लक्षात राहील.

घर म्हणजे काय, खाली एक खोली, वर एक खोली आणि मागे चिकटवलेलं स्वयंपाकघर. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतलं ते शेवटचं. एका बाजूची भिंत मोकळी होती म्हणून काका त्याला बंगला म्हणत. खालच्या खोलीत काका-काकू राहत, वरची माझी. ओव्हनचं दार उघडायचं तर स्वयंपाकघरातल्या माणसाने अंगणात जाऊन उभं राहायचं. न्हाणीघरात साबण खाली पडला तर तो उचलायला बाहेर येऊन, वळून, पुन्हा आत जावं लागे. एवढ्याशा जागेत वाऱ्याने येऊन करायचं तरी काय होतं, हा प्रश्न मला नेहमी पडे. आम्हा तिघांनाच ती पुरत नव्हती.

लेस्टरहून आणलेला वीतभर गणपती अंगणात बादलीत विरघळतोय न विरघळतोय तोवर काकांची आगोट सुरू होई. हा शब्दही मी तिथेच शिकले. कोकणात पावसाळ्याच्या आधी घर शाकारतात, भिंतींना नारळाची झापं बांधतात, लाकूडफाटा, मीठमिरची, सुकी मासळी भरून ठेवतात, त्या सगळ्या खटाटोपाला आगोट म्हणतात. काका रत्नागिरीकडचे. वडिलांच्या हाताखाली लहानपणी जी आगोट केली, तीच त्यांनी जशीच्या तशी उचलून इंग्लंडच्या थंडीला लावली होती. फरक एवढाच की तिकडच्या घरावर कौलं असतात. झापं बांधा, दारं लावा, कौलांच्या सांदीतून घर आपला श्वास घेत राहतं. इथे वर स्लेटचं छप्पर, त्याखाली लॉफ्ट, लॉफ्टमध्ये काकांनी अंथरलेल्या जुन्या गोधड्या. ही बारीकशी बाब त्यांच्या हिशेबातून निसटली होती.

पहिला आठवडा खिडक्यांचा. सगळ्या खिडक्यांच्या चौकटीला स्क्रू पिळून त्या मार्चपर्यंत बंद. मग फटीफटीतून रबरी पट्टी. मग काचेवर पातळ प्लॅस्टिक ताणून ते हेअरड्रायरने तापवायचं, म्हणजे ते ढोलकीच्या कातड्यासारखं घट्ट बसतं. हेअरड्रायर माझा. पहिल्या पगारात हौसेने घेतला होता, तो माझ्या केसांपेक्षा काकांच्या खिडक्यांनाच जास्त लागला. दुसरा आठवडा दारांचा. काकूंच्या जुन्या लुगड्याचे लांबच लांब लोड शिवून, त्यात चिंध्या भरून ते दाराच्या उंबऱ्याशी सोडलेले असत. अंधारात पाय पडला की सापच वाटे. किल्लीच्या भोकात कापूस. आजारी माणसाच्या कानात घालतात तसा त्या घराच्या सगळ्या भोकांत कापूस घातलेला असे. दारातली पत्रांची फटसुद्धा ऑक्टोबरपासून बंद, आणि तिच्यावर इंग्रजीत चिठ्ठी, की हिवाळ्यात आमची पत्रं शेजारी टाकावीत.

शेजारी एक आयरिश म्हातारी राहायची. बारा महिने तिची खिडकी उघडी आणि खिडकीत ती. माझ्या आईची पत्रं माझ्या हातात देताना ती नेहमी म्हणे, "तुझा तो लँडलॉर्ड पुन्हा सुरू झाला वाटतं, लव्ह." आईला इकडचं काय कळवावं याची मला पंचाईत पडे.

तिसरा आठवडा भरण्याचा. तांदूळ, डाळ, कांदे आणि सुके बोंबील. दुकान चौथ्या घरापलीकडे होतं, रविवारीही उघडं असायचं, पण आगोट म्हणजे आगोट. बोंबलांच्या माळा जिन्यात लटकत. एकही फट न ठेवलेल्या घरात बोंबलांचा वास सहा महिने काय करतो, हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. माझ्या वॉर्डच्या सिस्टरने एकदा माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, समुद्रावर जाऊन आलीस का गं.

काका मोटारींच्या कारखान्यात होते. अठरा वर्षं त्यांनी एकच काम केलं, मोटारीच्या दाराला रबरी पट्टी बसवायची, म्हणजे आत पाणी आणि वारा शिरू नये. त्यांच्या घराचं कोडं मला यातून उलगडलं. माणूस इतकी वर्षं एकाच चौकटीभोवती बोट फिरवत राहिला की त्याला जगात दुसरं काही दिसेनासं होत असेल. कारखान्यातून लोक कमी केले तेव्हा काकाही कमी झाले. निरोपाच्या दिवशी सोबतच्यांना घड्याळं वगैरे मिळाली, काकांनी रबरी पट्टीचं भेंडोळं मागून घेतलं. "या देशातल्या किती बायकापोरांना वारा लागला नाही तो माझ्यामुळे," असं ते मला सांगत. सांगताना त्यांची स्वतःची बायको बाजूला बसून खोकत असे.

वाऱ्याबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं. मोकळ्यावरचा वारा निरुपद्रवी, कारण तो समोरून येतो. फटीतला वारा वाईट, तो बेसावध माणसाला गाठतो. त्यामुळे भर बर्फात काका गळ्याची बटणं उघडी टाकून, मफलरशिवाय बाजारात जात आणि घरात पाऊल टाकलं की कानटोपी, दोन स्वेटर आणि वर कोट चढवत. रस्त्यात भेटले तर साहेब वाटावेत आणि घरात भेटले तर हिमालयावरून परतलेला माणूस वाटावा. रस्त्यात माझ्या कानावर वारा येऊन आदळला तरी त्यांचं काही म्हणणं नव्हतं, पण माझ्या खोलीची खिडकी बोटभर उघडी दिसली की खालून हाक येई, "सिस्टर, वर कोण आलंय?"

"कोणी नाही, काका."

"मग पडदा का हलतोय?"

फटींचा इतका तिटकारा असलेल्या या माणसाने एक फट मात्र जपून ठेवली होती. माझं आडनाव ऐकल्यावर ते आठ दिवस माझ्याशी अर्धवटच बोलले. मग एके सकाळी म्हणाले, "इथे परदेशात आपण सगळे महाराष्ट्रीयनच." मला बरं वाटलं. त्या दिवसापासून माझा चहा निळ्या काठाच्या कपात येऊ लागला, आणि तो कप खिडकीत वेगळा उपडा राहू लागला. मी बाबासाहेबांना मानणाऱ्या घरात वाढलेली मुलगी, मला कपाची भाषा कोणी शिकवायला नको. बोलायला तोंड उघडणार तोच एका सकाळी काकूंनी त्या कपात स्वतःचा चहा ओतून घेतला आणि माझ्यापुढे आपला कप सरकवला. काका पाहत राहिले. काकू फुंकर मारून प्यायल्या, खोकल्या, पुन्हा प्यायल्या. त्यांनी त्या घरात एवढं एकच भांडण केलं असेल आणि त्यातही एक शब्द उच्चारला नाही. नंतर थंडी इतकी पडली की एकाच गॅस फायरपुढे, म्हणजे भिंतीतल्या गॅसच्या शेगडीपुढे, तिघांना गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं, आणि कोणता कप कोणाचा हे काकांनाही कळेनासं झालं.

आता उदबत्तीचं सांगते. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मी खाली आले तर काका हातात पेटलेली उदबत्ती घेऊन भिंतीभिंतीने फिरत होते. दारापाशी थांबत, चौकटीला वरपासून खालपर्यंत ओवाळत, डोळे बारीक करून बघत. मी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की मी देवधर्मातली नाही. तरी म्हटलं म्हातारा माणूस पूजा करतोय, आपण बाजूला उभं राहावं. मी जिन्यात अदबीने उभी राहिले. दहा मिनिटं झाली, ड्यूटीची वेळ झाली, पूजा संपेना.

"काका, मी जाऊ का? तुमचं चालू द्या."

"जा की. कोणी अडवलंय? मी वारा शोधतोय." उदबत्तीचा धूर जिथे वाकडा होतो तिथे फट, असा तो प्रकार होता. शेजारची आयरिश म्हातारी मात्र शेवटपर्यंत समजत राहिली की हा माणूस घरातलं भूत काढतोय. फार चुकीचं समजत नव्हती ती.

गंमत अशी, की काकूंना धुराने ठसका लागायचा. काकू खोकल्या की काका म्हणत, "बघितलंत? अजून कुठेतरी फट आहे." मग ते नवी उदबत्ती लावून फट शोधायला उठत. धूर वाढे, काकू आणखी खोकत, आणि काका आणखी एक उदबत्ती पेटवत. एकेका रविवारी हे सकाळी सुरू होऊन दुपारच्या जेवणापर्यंत चाले. फट सापडली तर ती बुजे, नाही सापडली तर काका अस्वस्थ होत आणि त्या आठवड्यात काकूंना बाहेरच सोडत नसत. "तिच्या छातीसाठी करतोय हे सगळं," ते सांगत. खोटं नव्हतं ते. त्यांना तिची काळजी होती, भलतीच काळजी होती. काळजी करण्याच्या नादात तिच्याकडे बघायचं राहून गेलं होतं.

मी दोनदा बोलले. "काका, काकूंना मोकळी हवा लागते. दम्याच्या माणसाला कोंडून ठेवू नये."

"हवा पाहिजेच. वारा नको."

"पण हवा येणार कुठून?"

"सिस्टर, तुम्ही नागपूरच्या. तुम्हाला उन्हाचं कळतं, वाऱ्याचं आम्हाला विचारा."

तिसऱ्यांदा मी बोलले नाही. हॉस्पिटल त्या घरापासून पायी पाच मिनिटांवर होतं. जागा सोडावी लागली असती तर पहाटेच्या शिफ्टला दोन बस बदलून जावं लागलं असतं. वॉर्डमध्ये परक्यांच्या छात्या ऐकत मी आठ-आठ तास उभी राहायचे आणि घरी येऊन काकूंच्या खोकल्यावर पांघरूण ओढून झोपायचे. याची मला आजही लाज वाटते.

लेस्टरच्या आमच्या लोकांनी एकदा संक्रांतीच्या कार्यक्रमाला काकांना बोलायला बोलावलं. हिवाळा आणि आपली घरं, असा विषय. बोलावणाऱ्यांना वाटलं होतं पंधरा मिनिटं होतील. काकांनी व्यासपीठावर चढून आधी हॉलच्या सगळ्या खिडक्या लावायला लावल्या, मग दारांशी घरून आणलेले लुगड्याचे दोन लोड टाकले आणि मग चष्मा काढला. तास उलटून गेला तरी रबरी पट्टीच संपली नव्हती. हॉलमध्ये दीडशे माणसं, चारी कोपऱ्यांत हीटर, बायकांच्या अंगावर काळ्या रेशमी साड्या. तिळगूळ ताटात चिकट व्हायला लागला. इथेच जन्मलेली पोरं पहिल्या रांगेत बसवली होती, त्यातली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "अंकल, प्लीज, तो विंडो उघडा ना. माझा डोका दुखते." तिच्या आईने तिला खाली ओढून बसवलं आणि कानात तिची चूक दुरुस्त केली, की डोकं दुखतं म्हणावं. खिडकी कोणी उघडली नाही. अध्यक्ष कपाळ पुसत म्हणाले, "अत्यंत उद्बोधक." आपली माणसं परदेशातही किती सोसतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मध्येच माझ्या लक्षात आलं की काकू जागेवर नाहीत. मी त्यांना शोधत कार पार्कमध्ये गेले. कोट न घालता त्या एका मोटारीला टेकून उभ्या होत्या. जानेवारीचं बोचरं वारं सुटलं होतं, त्यांचा पदर फडफडत होता आणि त्या तोंड वर करून, डोळे मिटून श्वास घेत होत्या. मी म्हटलं, "काकू, गारठाल. आत चला."

"थांब गो जराशी," त्या म्हणाल्या. "हे संपू दे."

आम्ही तिथे अर्धा तास उभ्या होतो. माझे दात वाजत होते. त्या अर्ध्या तासात काकू एकदाही खोकल्या नाहीत. हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं, आणि मी ते ध्यानात ठेवून पुन्हा त्याच घरी जाऊन झोपले.

पुढच्या हिवाळ्यात काकांना शेवटची फट सापडली.

रविवार होता. सकाळची शिफ्ट संपवून मी तीन-साडेतीनला आले. दार वाजवलं, लोड सरकवल्याचा आवाज आला, कापूस निघाला, आणि काकांनी दार उघडलं. चेहरा लालबुंद, जीभ थोडी जड. पण इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"सिस्टर, जिंकलो," ते म्हणाले. "आधी आत या. दार लावा. हे बघा."

ते खोलीच्या मधोमध उदबत्ती धरून उभे राहिले. धूर सुतासारखा सरळ छतापर्यंत गेला. हलला नाही, वाकला नाही.

"फायरच्या शेजारी, कपाटामागे. विटेला जाळी होती, जाळी. बाहेरून वेलीने झाकलेली. चोवीस वर्षं तिथून येत होता आणि मी दारंखिडक्या शोधत बसलो होतो. सकाळी सिमेंट घालून गच्च बुजवली. आता येऊ दे."

घर बांधणाऱ्याने गॅस फायरच्या शेजारी जाळीची वीट विसरून ठेवलेली नसते. जळणाऱ्या आगीला हवा लागते म्हणून ठेवलेली असते. नाहीतर आग जळते, पण धुराड्याने वर जायचा तो विषारी वायू खोलीत साठत राहतो. त्याला वास नसतो. मी फायरकडे बघितलं. निळी हवी ती ज्योत पिवळी होऊन लोंबत होती. समोर खुर्चीत काकू मान टाकून बसल्या होत्या.

"डोकं दुखतंय म्हणाली, झोपलीय," काका म्हणाले. "बघा, एकदासुद्धा खोकली नाही दुपारपासून."

मी गॅस बंद केला. काकूंच्या काखेत हात घालून त्यांना ओढायला लागले. त्या काही वजनदार नव्हत्या, पण त्या एवढ्याशा खोलीत खुर्ची, लोड, कपाट, सगळं पायात येत होतं. ओढत ओढत त्यांना दाराबाहेर फुटपाथवर आणलं, माझा कोट खाली टाकून त्यावर निजवलं. श्वास होता. मी गालावर चापट्या मारत होते, हाका मारत होते, तेवढ्यात मागे दार लागल्याचा आवाज आला.

काकांनी आतून दार लावून घेतलं होतं. त्याच्या मागोमाग लोड सरकवल्याचा आवाज आला.

मी उठून दारावर लाथा घातल्या. "काका, बाहेर या. मराल आत."

"वारा येतोय," आतून सावकाश आवाज आला. "तुमचं झालं की सांगा."

पत्रांची फट बंद. किल्लीचं भोक बंद. खिडकीला स्क्रू. ते घर बाहेरून उघडायची एकही सोय त्यांनी ठेवली नव्हती. शेजारच्या खिडकीतून आयरिश म्हातारीने विचारलं, "काय चाललंय, लव्ह?" मी ओरडून एवढंच सांगितलं, आत विषारी वायू साठलाय, लँडलॉर्ड दार उघडत नाही. ती आत गेली. मला वाटलं फोन करायला गेली असेल. तो तिने केलाच, पण आधी दुधाच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन सपाता फटफटवत बाहेर आली, खालच्या खिडकीसमोर उभी राहिली आणि एकामागोमाग एक दोन्ही बाटल्या तिने काचेवर हाणल्या. काच गेली, आतलं ताणून बसवलेलं प्लॅस्टिक फाटलं. "गेली दहा वर्षं मला हे करायचं होतं," ती म्हणाली.

अँब्युलन्सवाल्यांनी काकांना खिडकीतून काढलं. ते स्वतःच्या पायांनी येत नव्हते, पण बोलत होते. स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघून म्हणाले, "ही काच ताबडतोब बसवली पाहिजे."

दोघंही वाचले. पुढे ते दोघं कौन्सिलच्या एका फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथल्या खिडकीच्या वर हवा आत यायला एक अरुंद फट आहे आणि ती बंद करायची नाही असा नियम आहे. काका तिच्याकडे पाठ करून बसतात. मी जाते अधूनमधून. चहा होतो, कोकणाच्या गोष्टी होतात, काकू आता बऱ्यापैकी बोलतात. पण घर सोडायचं ठरलं ते काही काकांच्या समजूतदारपणामुळे नाही. ते ठरलं वॉर्डमध्ये, भेटायच्या वेळेत, माझ्यासमोर.

काकांना दोन दिवसांत सोडलं होतं. काकूंची छाती तपासत होते म्हणून त्यांना ठेवून घेतलं. वॉर्ड माझा नव्हता, पण भाषांतर करायला मला बोलावलं होतं. काकूंच्या पलंगाशेजारी काका कोट घालून बसले होते. मांडीवर कागद होता, त्यावर फुटलेल्या काचेची लांबी-रुंदी. या खेपेला दुहेरी काच बसवतो, म्हणत होते. एक आत, एक बाहेर, मध्ये पट्टी. जाळीचं तेवढं चुकलं, ते मान्य. बाकी बंदोबस्त पक्का होता.

वॉर्डच्या सिस्टरने मला सांगितलं, "गुरुवारी त्यांना घरी जायला हरकत नाही. त्यांना विचार, घरी सगळं ठीक आहे ना."

मी मराठीत विचारलं. काकू उशाला टेकून बसल्या होत्या. शेजारची खिडकी उघडी होती. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे आले तर चालतील," त्या म्हणाल्या. "पण त्या घरात मी नाही जायची."

काकांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली. ती उघडली, पुन्हा घातली. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला त्या माणसाचा राग होता, अजून आहे, पण त्या क्षणी माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

"चोवीस वर्षं," ते म्हणाले. "चोवीस वर्षं तुझ्यासाठी करतोय. त्रास होत होता तर सांगायचंस. एक शब्द बोलली नाहीस कधी."

"बोलले नाही," काकू म्हणाल्या. "खोकत होते की."